माळावरची फुले कुंडीत: सोलापूरजवळच्या एका देशी रोपवाटिकेचे परीक्षण

सोलापूर शहर सोडून तुळजापूर रस्त्याला लागल्यावर, हिप्परग्याच्या तलावापलीकडे, देशी वनस्पतींची एक छोटी रोपवाटिका गेल्या काही वर्षांत उभी राहिली आहे. तेथे क्रोटन, बोगनवेल किंवा हिरवळीचे गालिचे मिळत नाहीत. कंदीलपुष्प, माकडशिंगी, शिंदळ माकुडी, गुग्गुळ, कळलावी अशा कोरड्या, खडकाळ जमिनीत वाढणाऱ्या वनस्पती तेथे तयार केल्या जातात आणि प्रत्येक कुंडीत खोचलेल्या पाटीवर त्या वनस्पतीच्या संवर्धनाचा दर्जा लिहिलेला असतो. घरासमोर काय लावावे या प्रश्नाला परदेशी पाम किंवा कोनोकार्पस हेच उत्तर मिळण्याची सवय झालेल्या शहरात असा प्रयत्न होणे मला फार मोलाचे वाटते. रोपे कुठून आली या बाबतीत ही रोपवाटिका विश्वासास पात्र आहे असे माझे मत झाले आहे. पाट्यांवर लिहिलेल्या दर्जाच्या बाबतीत मात्र तिला बरीच सुधारणा करावी लागेल.

रानातली वनस्पती विकणाऱ्या कोणत्याही दुकानाला पहिला प्रश्न एकच विचारायला हवा: हे रोप बियांपासून किंवा फांदीपासून येथे वाढवले आहे, की माळावरून उपटून आणले आहे? हा प्रश्न कंदाच्या वनस्पतींबाबत विशेष गंभीर ठरतो. कंदीलपुष्पाच्या, म्हणजे सेरोपेजियाच्या, भारतात अनेक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य जाती भारताबाहेर कुठेही उगवत नाहीत. त्यांपैकी सेरोपेजिया बल्बोसा ही मात्र राजस्थान, गुजरातच्या वाळवंटी भागापासून दख्खनच्या माळापर्यंत पसरलेली जाती आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी १७९५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. जमिनीत चपटा, गोलसर कंद, त्यातून पावसाळ्यात वर येणारी नाजूक वेल, मांसल पाने, आणि पाच पाकळ्यांची टोके वर एकमेकांना चिकटून तयार झालेला फुलाचा छोटासा कंदील, असे तिचे रूप आहे. पाने कधी गोल तर कधी गवतासारखी अरुंद असतात, त्यामुळे फूल येईपर्यंत अनेकांना ती ओळखूच येत नाही. तिचा कंद गुराखी, शेतकरी आणि रानडुकरे सर्वच खातात. कंद काढला की वेल संपते. फांदी तोडल्यावर पुन्हा फुटण्याची जी सोय झुडपांना असते ती येथे नाही.

या फुलाची रचना समजून घेतली की त्याची अडचणही समजते. फुलाची नळी खाली फुगीर असते आणि आतून खालच्या दिशेने वळलेल्या केसांनी भरलेली असते. वासाने आकर्षित झालेल्या अगदी बारीक माश्या आत उतरतात आणि केसांमुळे त्यांना लगेच बाहेर पडता येत नाही. पुढे केस सुकतात, फूल खाली झुकते आणि अंगाला परागपुंज चिकटलेली माशी सुटून दुसऱ्या फुलाकडे जाते. म्हणजे बी धरायचे तर जवळपास दुसरी वेल हवी, त्या विशिष्ट माश्या हव्यात आणि वेलीला चढायला बोराटी, तरवड किंवा हेंकळासारखे झुडूपही हवे. एखाद्या माळावरचे निम्मे कंद कोणी खणून नेले, तर उरलेल्या वेली फुलत राहतात. पण त्यांच्यातले अंतर वाढल्याने शेंगा कमी धरतात, आणि हा ऱ्हास पाहणाऱ्याला अनेक पावसाळे जाणवतही नाही. राजस्थानच्या कोरड्या भागात ही वेल कमी होत गेल्याची नोंद वनस्पतिशास्त्रज्ञांनी केलेली आहे आणि प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने, म्हणजे वनस्पतीच्या लहानशा तुकड्यातल्या पेशी वाढवून, तिची रोपे तयार करण्याचे प्रयत्नही तेथे झाले आहेत.

या पार्श्वभूमीवर रोपवाटिकेची पद्धत पाहावी. येथील कंदीलपुष्पे बियांपासून केलेली आहेत. या वनस्पतीच्या शेंगा जोडीने येतात आणि पिकल्या की तडकतात. प्रत्येक बीला रेशमी केसांचा झुपका असल्यामुळे वाऱ्याची एक झुळूक आली तरी सगळे बी उडून जाते. म्हणून शेंगा पिकत आल्या की त्यांवर मलमलच्या पिशव्या बांधल्या जातात. मालकांनी सांगितले, “प्रत्येक वेलीवरच्या थोड्याच शेंगांना पिशवी बांधतो, बाकीचं बी माळाचं आहे, ते माळावरच पडलं पाहिजे.” मातृवेली, म्हणजे ज्यांचे बी घेतले त्या वेली, कोणत्या माळावर आहेत हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. ती जागा मी येथे लिहीत नाही, कारण दुर्मीळ कंद आणि रसाळ वनस्पतींचे नेमके ठिकाण जाहीर झाले की तेथे खणणारे हात पोहोचतात हा जगभरातला अनुभव आहे. पाटीच्या मागच्या बाजूला मातृवेलीचा क्रमांक, बी गोळा केल्याचे वर्ष आणि पेरणीचा महिना लिहिलेला असतो. दुकानदाराने ग्राहकाला दिलेली ही माहिती मला पाटीवरच्या इतर सर्व मजकुरापेक्षा अधिक महत्त्वाची वाटते.

पाटीवर विश्वास ठेवण्यापूर्वी मी रोप कुंडीतून काढून दाखवण्याची विनंती केली आणि त्यांनी ती लगेच मान्य केली. कुंडीत वाढलेला कंद लहान, गुळगुळीत आणि शेजारच्या कुंडीतल्या कंदाच्या साधारण बरोबरीचा असतो, त्याची बारीक मुळे कुंडीतल्या मातीला धरून असतात. रानातून काढलेला कंद मोठा, ओबडधोबड, कुदळीचे व्रण असलेला असतो. मुळे तुटलेली असतात आणि खाचांत मुरूम अडकलेला असतो. आठवडी बाजारात किंवा मोबाइलवर छायाचित्र पाहून कंद विकत घेणाऱ्या प्रत्येकाने एवढी तपासणी केली, तरी मागणीचा बराचसा भाग योग्य दिशेला वळेल.

माकडशिंगीच्या कुंड्यांबाबत मात्र मला असे समाधान मिळाले नाही. माकडशिंगी म्हणजे कॅरलुमा: पाने जवळजवळ नसलेली, चौकोनी, हिरव्या-करड्या देठांची रसाळ वनस्पती. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तिला जांभळट रंगाची फुले येतात आणि नंतर शिंगांसारख्या जोडशेंगा लागतात. दुष्काळात तिचे देठ खाऊन दिवस काढल्याच्या आठवणी दख्खनमध्ये अनेक घरांत आहेत. अलीकडे वजन कमी करण्यासाठी तिच्या अर्काच्या गोळ्या देशात आणि परदेशात विकल्या जात असल्याने तिच्यामागे व्यापारी मागणी लागली आहे. तिचा देठ कापून, जखम काही दिवस सावलीत सुकवून मातीत खोचला तर तो सहज मूळ धरतो, त्यामुळे रानातून आख्खे झुडूप आणण्याचे खरे तर काही कारण नाही. तरीही येथील मोठ्या कुंड्यांमध्ये जुनी, जाड बुंध्याची ठोंबे होती आणि त्यांच्या पाट्यांच्या मागे क्रमांक नव्हता. विचारल्यावर मालकांनी सांगितले की प्लॉट पाडण्यासाठी सपाट केल्या जाणाऱ्या एका माळावरून, यंत्र लागण्यापूर्वी, त्यांनी ती उचलली. त्यांच्या म्हणण्यावर मी विश्वास ठेवते. परंतु ‘वाचवलेले रोप’ हा युक्तिवाद रान ओरबाडणाऱ्यालाही तितक्याच सहजतेने करता येतो, आणि म्हणूनच त्या पाटीवर जागा कशामुळे नष्ट झाली, कोणत्या महिन्यात ठोंब उचलले आणि जमीनमालकाची परवानगी होती का, हे लिहिलेले असायला हवे. अशी ठोंबे विकूही नयेत असे माझे मत आहे. ती मातृरोपे म्हणून ठेवावीत आणि त्यांच्या फांद्यांपासून केलेली रोपे विकावीत.

आता पाटीच्या पुढच्या बाजूकडे येते. ‘दुर्मीळ’, ‘अतिदुर्मीळ’, ‘अतिसंकटग्रस्त’ हे तीन शब्द येथे कोणत्याही नियमाशिवाय वापरले आहेत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत प्रत्येक वर्गाला मोजता येणारे निकष आहेत. १० वर्षांत किंवा ३ पिढ्यांत, यांपैकी जो काळ मोठा त्यात, एखाद्या जातीची संख्या ८० टक्क्यांहून अधिक घटली आणि घटीची कारणे थांबलेली नसतील तर ती अतिसंकटग्रस्त, ५० टक्क्यांहून अधिक घटली तर संकटग्रस्त आणि ३० टक्क्यांहून अधिक घटली तर असुरक्षित ठरते. घट मोजता येत नसेल तर तिच्या पसाऱ्याचे क्षेत्र पाहिले जाते: १०० चौरस किलोमीटरच्या आत, ५,००० च्या आत आणि २०,००० च्या आत असे अनुक्रमे टप्पे आहेत, आणि त्यासोबत ते क्षेत्र तुटक किंवा मोजक्याच ठिकाणांपुरते असणे, सतत घट होणे आणि तीव्र चढउतार होणे यांपैकी किमान दोन गोष्टीही दाखवाव्या लागतात. याशिवाय संकटासमीप, कमी चिंतेचा, अपुरी माहिती आणि मूल्यमापनच न झालेला असेही वर्ग आहेत. शेवटचा वर्ग लोक विसरतात. ज्या जातीची तपासणीच झालेली नाही ती सुरक्षित आहे असा अर्थ कोणी काढू नये आणि ती नष्ट होत आली असल्याचा दावाही करू नये.

या मोजमापाने पाहिले तर गुग्गुळाची पाटी बरोबर आहे. राजस्थान आणि गुजरातच्या रुक्ष प्रदेशातले हे काटेरी झुडूप २०१५ पासून लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेले आहे. राळेसाठी त्याच्या खोडाला दिलेल्या खोल चिरांनी झुडपे मरतात आणि नवीन झुडूप राळ देण्याजोगे व्हायला बरीच वर्षे लागतात. उन्हाळ्यात जाड फांद्यांपासून त्याची रोपे होतात आणि येथील रोपे तशीच केलेली आहेत. कळलावीची पाटी मात्र पूर्णपणे चुकीची आहे. तिच्यावर ‘अतिदुर्मीळ’ लिहिले आहे. आफ्रिकेपासून आशियापर्यंत पसरलेली ही वेल लाल यादीत कमी चिंतेच्या वर्गात आहे आणि तामिळनाडूत तर तिच्या बियांसाठी तिची शेतीच होते. येथे दुसरी आणि अधिक गंभीर उणीव अशी की कळलावीचे सर्व भाग, त्यातही कंद, कोल्चिसिन या द्रव्यामुळे अत्यंत विषारी असतात, आणि पाटीवर त्याविषयी एक शब्दही नाही. ज्या घरात लहान मूल किंवा जनावर आहे तेथे हे रोप देताना तोंडी सूचना पुरेशी नाही. मी हे लक्षात आणून दिल्यावर काउंटरवरच्या ताईंनी त्याच वेळी लाल शाईने ‘विषारी, हात धुवा’ असे लिहून पाटी लावली, याची नोंद केली पाहिजे.

माकडशिंगीच्या पाटीवर ‘अतिसंकटग्रस्त’ लिहिले आहे, तेही टिकणारे नाही, कारण ती भारताच्या कोरड्या द्वीपकल्पात दूरवर पसरलेली आहे. मालकांचे म्हणणे असे पडले, “आमच्या लहानपणी जिथं पावलोपावली होती, तिथं आता शोधावी लागते, मग काय लिहायचं?” त्यांचा अनुभव खरा आहे आणि तो पाटीवर आलाच पाहिजे, पण वेगळ्या ओळीत. जागतिक दर्जा आणि स्थानिक स्थिती या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. सोलापूरकरांना हे नान्नजच्या उदाहरणाने चटकन पटेल. १९७९ मध्ये जाहीर झालेल्या तेथील माळढोक अभयारण्यात एकाच गवतावर चरणारा काळवीट लाल यादीत कमी चिंतेचा आहे, तर माळढोक हा पक्षी २०११ पासून अतिसंकटग्रस्त आहे. आणि माळढोकाच्या नावाने राखलेल्या त्या माळावर आज तो पक्षी दिसणे जवळजवळ थांबले आहे. पक्ष्यांच्या बाबतीत एवढी मोजणी तरी झाली. त्याच कुसळी, पवन्या आणि मारवेलीच्या गवतात वाढणाऱ्या कंदीलपुष्पाच्या वेली कोणी मोजलेल्या दिसत नाहीत, आणि तरीही त्यांच्यावरचे संकट तेच आहे: सरकारी दप्तरात माळ ‘पडीक’ म्हणून लिहिला जातो, आणि मग तेथे मुरमाची खाण, प्लॉट, सौर प्रकल्प किंवा चांगल्या हेतूने केलेली घनदाट वृक्षलागवड, काहीही येऊ शकते. यांतल्या शेवटच्या गोष्टीचे मला सर्वांत जास्त दुःख होते, कारण ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाची सावली पडलेल्या माळावर उन्हाची वेल टिकत नाही आणि लावणाऱ्याला आपण काय घालवले याची कल्पनाही नसते.

कायद्याची मदत या वनस्पतींना फारशी मिळालेली नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने विशिष्ट रानवनस्पती तोडण्यावर आणि विकण्यावर बंदी आली, पण तेव्हाच्या सहाव्या अनुसूचीत घटपर्णी, काही ऑर्किडे, कुष्ठ आणि एक सायकस अशी ६ च नावे होती. माळावरचे एकही फूल त्यात नव्हते. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३८ नुसार राज्यनिहाय संकटग्रस्त जाती अधिसूचित करता येतात आणि गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. या रोपवाटिकेने आपल्याकडच्या मातृवेलींची माहिती त्या त्या गावाच्या समितीकडे नोंदवावी असे मी सुचवले. त्यातून व्यापाराला कोणताही अडथळा येणार नाही, उलट प्लॉट पाडण्याची वेळ आली तर त्या माळावर काय होते याचा लेखी पुरावा राहील.

शिंदळ माकुडीविषयी स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे, कारण ग्राहक तिच्याकडेच आधी वळतात. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने फ्रेरिया इंडिका म्हणून ओळखली गेलेली ही रसाळ वनस्पती फक्त महाराष्ट्रात, शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा गडांच्या कड्यांवर उगवते. १९८० च्या दशकात तिची गणना जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या १२ वनस्पतींमध्ये झाली होती. फांदीपासून ती इतकी सहज वाढते की आज जगभरच्या संग्राहकांकडे ती आहे. परंतु लाल यादीचे मूल्यमापन रानातल्या झाडांचे असते. कुंडीतली हजार रोपे त्यात धरली जात नाहीत, आणि एकाच फांदीपासून केलेली रोपे आनुवंशिकदृष्ट्या एकच झाड असते. रोपवाटिकेच्या फलकावर ‘एक रोप घ्या, एक जाती वाचवा’ असे लिहिले आहे. हे वाक्य काढून टाकावे. ग्राहकाने रोप घ्यावे, ते जपावे, त्याचे फूल शेजाऱ्यांना दाखवावे. पण कड्यावरची जात वाचवण्याचे काम कड्यावरच करावे लागते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात कंदीलपुष्पाच्या अनेक जाती मूळ ठिकाणांच्या नोंदींसह जोपासलेल्या आहेत; अशा संग्रहातली रोपे योग्य अभ्यासानंतर मूळ जागी परत जाऊ शकतात. घरच्या कुंडीतली वेल कोणीही उचलून माळावर लावू नये, हेही फलकावर लिहायला हवे.

बाकी सेवा चांगली आहे. कुंडीतली माती मुरूम, पोयटा आणि थोडे शेणखत अशी निचऱ्याची असते. कंदीलपुष्प १२० रुपयांना, माकडशिंगी ८० ला आणि शिंदळ माकुडी १५० ला मिळते. बियांपासून रोप करायला लागणारा वेळ पाहता हे दर रास्त आहेत. प्रत्येक रोपाबरोबर मराठीत छापलेली निगा-पत्रिका दिली जाते आणि तिच्यातली सर्वांत उपयोगी सूचना ही की दिवाळीनंतर कंदीलपुष्पाची वेल वाळते, तेव्हा कुंडी फेकू नये, पाणी जवळपास बंद करावे आणि पहिल्या पावसाची वाट पाहावी. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर असताना पश्चिमेच्या गच्चीवर ठेवलेली शिंदळ माकुडी पाने टाकते आणि तिचे देठ भाजतात, ही सूचना मात्र पत्रिकेत नाही. तिला दुपारनंतर सावली द्यावी. पॅकिंगसाठी प्लास्टिकऐवजी कागद वापरतात. कुरियरने रोपे पाठवत नाहीत आणि सुटे कंद मागूनही देत नाहीत, हे धोरण मला पूर्णपणे मान्य आहे.

जायचे असेल तर जुलैचा शेवट ते सप्टेंबर या काळात जावे, म्हणजे वेली फुलावर असतात आणि पाटीवरचे नाव फुलाशी ताडून घेता येते. रोप निवडल्यावर पाटी उलटून मागचा क्रमांक पाहावा. क्रमांक नसेल तर का नाही ते विचारावे आणि उत्तर पटले नाही तर ती कुंडी तेथेच ठेवावी. कळलावी घेणाऱ्यांनी हातमोजे घालून कंद हाताळावा. नव्या पाट्यांवर जागतिक दर्जा, त्याचे वर्ष आणि सोलापूर परिसरातली स्थिती अशा तीन वेगळ्या ओळी देण्याचे मालकांनी मान्य केले असून, त्या पावसाळ्यापूर्वी लागतील असे त्यांनी सांगितले आहे.